विचारा की! : फळ्यावरच्या पाच ओळी

मागच्या अंकात बोलता बोलता लिहून गेले, की माझ्याकडे फळ्याच्या वह्या आहेत. त्यावर एवढी पत्रं आली, की संपादकांनी या वेळचं सदर त्यांनाच देऊन टाकलं. ज्यांनी मागचा अंक वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. साताऱ्यातल्या एका वाचनालयात मी १९७८ च्या जूनमध्ये लागले. दाराशी काळा फळा होता. सकाळी पेपर आले की त्यातल्या पाच ठळक बातम्या खडूनं लिहायच्या, हे माझं पहिलं काम. पाचच, कारण सहावी लिहायची तर अक्षर मुंगीएवढं व्हायचं. पहिल्याच आठवड्यात एक सभासद ‘काल तुम्ही चुकीचं लिहिलं होतं’ म्हणून भांडायला आले आणि कालचा फळा तर पुसलेला! तेव्हापासून पुसायच्या आधी वहीत उतरवून ठेवायची सवय लागली. पुढं वाचनालयानं जुने पेपर रद्दीत घातले. वह्या माझ्या होत्या म्हणून राहिल्या.

बहुतेकांनी विचारलंय ते १९७९-८० बद्दल. दशक बदलतानाची वही म्हणून असेल.

प्रश्न : नातू म्हणतो, १९८० हे जुन्या दशकाचं शेवटचं वर्ष. मी म्हणतो, नव्याचं पहिलं. पैज दोन वडापावची आहे. (एक आजोबा, कोरेगाव)

दोघांनी एकेक खा, आजोबा. इसवी सनात शून्य नावाचं वर्ष नाही, थेट एकपासून सुरुवात. म्हणून दहा-दहानं मोजत आलात तर १९८० दहावं येतं आणि नातू जिंकतो. पण ‘ऐंशीचं दशक’ म्हणताना आपण मोजत नाही, आकडा बघतो, आणि १९८० त सातच्या जागी आठ आलेला दिसतो. तिथं तुम्ही जिंकता. पंचांगाला विचाराल तर त्या एक जानेवारीला शके १९०१ चालू होतं आणि पाडव्याला १९०२ लागलं. म्हणजे आपल्या हिशोबानं काहीच बदललं नव्हतं.

प्रश्न : लहानपणी स्कायलॅब पडणार म्हणून आमच्या गावात रडारड झालेली आठवते. तो खरंच पडला का, की अफवा होती? (एक वाचक, वडूज)

पडला की! ११ जुलै १९७९, बुधवार, आपल्याकडे रात्रीचे दहा वाजून गेले होते. फक्त तो हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या ओसाड भागात पडला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

स्कायलॅब ही अमेरिकेची पहिली अंतराळ प्रयोगशाळा, १९७३ साली वर गेलेली, वजन सत्तर टनांच्या वर. अंतराळवीरांच्या तीन तुकड्या तिथं राहून आल्या आणि मग ती रिकामी फिरत राहिली. त्या वर्षांत सूर्य खवळला होता. त्यानं पृथ्वीभोवतीची वरची हवा तापली, फुगली आणि स्कायलॅबच्या वाटेत आली. त्या विरळ हवेच्या घर्षणानंही वेग कमी होत जातो आणि वस्तू खाली खाली येते. नव्या स्पेस शटलनं जाऊन तिला वर ढकलायचं असा बेत होता, पण शटलच वेळेत तयार झालं नाही. ते उडालं १९८१ च्या एप्रिलमध्ये.

माझ्या वहीत ८ ते ११ जुलै सलग चार दिवस एकच ओळ पहिली आहे : ‘स्कायलॅब – नागरिकांनी घाबरू नये.’ ती वाचूनच लोक जास्त घाबरत होते, हे मला तेव्हा कळलं नाही. आमच्या मामांनी जत्रेसाठी राखलेला कोंबडा त्या बुधवारी संध्याकाळीच कापला. आखाड चालूच होता, स्कायलॅबचं निमित्त झालं. ‘उद्या आपुन ऱ्हायलो न्हाई तर ह्यो कोन खानार?’ हा त्यांचा सवाल. गुरुवारी सकाळी सगळे जिवंत, आणि कोंबडा मात्र नाही. मामी पुढं वीस वर्षं मामांच्या कुठल्याही घाईला ‘ह्यांचं स्कायलॅब’ म्हणायची.

आणि एक सभासद दोन वर्षं थकवलेली तीन पुस्तकं ११ तारखेला दंडासह परत करून गेले. कुणाचं देणं ठेवून जायचं नाही म्हणे. १३ तारखेला येऊन दंड परत मागितला! दिला नाही.

ऑस्ट्रेलियात एस्परन्स नावाचं गाव आहे, तुकडे त्या भागात पडले. तिथल्या नगरपालिकेनं ‘कचरा टाकल्याबद्दल’ अमेरिकेच्या नासाला चारशे डॉलरचा दंड लावला. तिथल्याच एका सतरा वर्षांच्या पोरानं घरावर पडलेले तुकडे उचलले, विमानानं सॅन फ्रान्सिस्को गाठलं आणि पहिला तुकडा आणणाऱ्यासाठी एका वर्तमानपत्रानं लावलेलं दहा हजार डॉलरचं बक्षीस घेतलं. आपल्याकडे कोंबडे गेले ते गेलेच.

प्रश्न : ग्रहणामुळे कसोटी सामन्याला सुट्टी दिली होती, असं वडील सांगायचे. थाप वाटते. (एक वाचक, फलटण)

वडिलांची माफी मागा. शनिवार, १६ फेब्रुवारी १९८०. मुंबईत वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध सुवर्णमहोत्सवी कसोटी शुक्रवारी सुरू झाली आणि पहिल्या दिवसानंतर लगेच विश्रांतीचा दिवस ठेवला, तो ग्रहणासाठी. प्रेक्षकांनी वर बघून डोळे घालवू नयेत, हा हेतू. त्या सामन्यात इंग्लंडच्या बोथमनं शतकही ठोकलं आणि तेरा बळीही घेतले. आपण दहा गडी राखून हरलो. त्यातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आपल्या कर्णधाराची आहे. पंचांनी बाद दिलेल्या इंग्लंडच्या बॉब टेलरला विश्वनाथनं परत बोलावलं, आणि टेलर-बोथम जोडीनं मग सामनाच नेला. आमच्या वाचनालयात त्यावर महिनाभर दोन तट होते.

खग्रास पट्टा कारवारकडून रायचूर, हैदराबादच्या बाजूनं ओरिसाकडे गेला. साताऱ्याला खंडग्रास, पण चांगलं घसघशीत. दुपारी तीननंतर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. वाचनालयाला सुट्टी नव्हती, म्हणून मी आणि आमचे शिपाई दादा असे दोघंच. दादा दारं-खिडक्या लावून घेऊन तोंडानं काहीतरी पुटपुटत बसले होते. आमचं छप्पर कौलारू, फटी भरपूर. एरवी दुपारी वाचनकक्षाच्या लांब टेबलावर रुपयाएवढे गोल कवडसे पडायचे. त्या दिवशी मी सहज टेबलाकडे बघितलं, तर प्रत्येक कवडशाचा एक लचका तुटलेला. बघता बघता सगळ्या टेबलावर, पसरलेल्या पेपरांवर, दादांच्या टोपीवर चंद्रकोरी! पन्नास-साठ तरी असतील, सगळ्या एकाच दिशेला तोंड केलेल्या. कौलांची प्रत्येक फट म्हणजे एक छोटा कॅमेरा असतो, कवडसा गोल दिसतो तो सूर्य गोल म्हणून, हे मी शाळेत शिकले होते. पण विश्वास बसला तो त्या दिवशी. दादांना टोपी काढून दाखवली, तर त्यांनी ती झटकली.

माझी वहिनी तेव्हा सहा महिन्यांची गरोदर. तिला दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसवलं, विळीला हात लावू दिला नाही. आज तो मुलगा पुण्यात डोळ्यांचा डॉक्टर आहे. ग्रहण बघून आलेला एखादा पेशंट त्याच्याकडे आला, की मला फोन करून सांगतो.

प्रश्न : जावई म्हणतात, मॉस्कोचं हॉकीचं सुवर्ण काही खरं नव्हे, समोर कुणी नव्हतंच. (एक वाचक, विश्रामबाग, सांगली)

जावईबापूंचं निम्मं बरोबर आहे. पण निम्म्या उत्तरावर जावयाला सोडू नये. आणि हे उत्तर रॉकेलपासून सुरू करावं लागेल.

१९८० च्या सुरुवातीच्या पानांवर जवळजवळ एक दिवसाआड ‘रॉकेल’ शब्द आहे. अमुक दुकानात अमुक कार्डांना मिळणार, असं. रेशन दुकानापुढं लोक स्वतः उभे राहत नसत, डबे उभे राहत. आमचा डबा ओळखायला मी त्याच्या कडीला लाल चिंधी बांधली होती. दुपारी जाऊन बघायचं, चिंधी किती पुढं सरकली. का नव्हतं रॉकेल? इराणमध्ये १९७९ च्या जानेवारीत तिथले राजे, शहा, देश सोडून गेले, फेब्रुवारीत धर्मगुरू खोमेनी आले. त्याआधीच तिथल्या तेलकामगारांनी संप केले होते. दीड-दोन वर्षांत जगात कच्च्या तेलाचा भाव दुपटीच्या वर गेला. त्यात इकडे आसामात आंदोलन पेटलं आणि तिथलं तेल बाहेर जाईना. मंगळवार पेठेतला माझा डबा या दोन्हींच्या मागं उभा होता. तेव्हा मात्र आम्ही सगळे दुकानदाराला शिव्या देत होतो.

आता हॉकी. तिथंही तसंच, कारण लांबचं होतं. १९७९ च्या डिसेंबरअखेर रशियाचं सैन्य अफगाणिस्तानात घुसलं. निषेध म्हणून अमेरिकेनं मॉस्को ऑलिंपिकवर बहिष्कार घातला आणि साठाच्या वर देश गेले नाहीत. हॉकीत पाकिस्तान, पश्चिम जर्मनी, हॉलंड, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन कुणीच नाही. सहाच संघ. तेव्हा जावई इथवर बरोबर. पण अंतिम सामन्यात स्पेन ४-३ पर्यंत आला होता. आमच्या इथं समालोचन ऐकताना एका काकांनी रेडिओ कानाला लावला होता आणि बाकीच्यांनी काकांना. शेवटच्या मिनिटांत ज्यांचा जीव टांगला होता त्यांना ‘समोर कुणी नव्हतं’ हे सांगून बघा! कर्णधार भास्करनच्या संघाचं ते आपलं आठवं सुवर्ण.

आणि जावयांना हेही सांगा, की त्याच ऑलिंपिकात महिला हॉकी पहिल्यांदा आली आणि सुवर्ण नेलं झिंबाब्वेनं. तो देश स्वतंत्र होऊन साडेतीन महिनेही झाले नव्हते. १८ एप्रिल १९८० ची तारीख. बहिष्कारामुळे जागा रिकाम्या झाल्या, म्हणून त्यांना बोलावणं गेलं. रिकाम्या जागी बसलेल्यांनीसुद्धा खेळावं लागतंच.

प्रश्न : रफीसाहेब गेले तो दिवस वहीत आहे का? (एक श्रोता, मिरज)

आहे. त्या पंधरवड्यात खडू फार झिजला. १८ जुलैला श्रीहरिकोट्याहून एसएलव्ही-३ या आपल्या यानानं रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला. आदल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये याच जातीचं पहिलं यान समुद्रात गेलं होतं. २९ ला, मंगळवारी, हॉकीचं सुवर्ण. ३१ ला, गुरुवारी रात्री रफी गेले. १ ऑगस्टच्या पानावर पाचांऐवजी एकच ओळ आहे. बाकी फळा मी मोकळा ठेवला होता. कार्यवाहांनी विचारलं, ‘आज बातम्या संपल्या काय?’

प्रश्न : त्या काळात आपल्या जिल्ह्यातून साहित्यात काही घडलं का? (एक विद्यार्थिनी, सातारा)

घडलं, आणि मोठं घडलं. फलटण भागातल्या लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ १९८० साली आलं. टोपल्या विणत गाढवांवर बिऱ्हाड घेऊन फिरणाऱ्या कैकाडी कुटुंबातल्या पोराची ती कहाणी. १९८१ चं साहित्य अकादमी पारितोषिक त्याला मिळालं. आमच्याकडे प्रत आली तेव्हा ती कुठल्या कपाटात लावायची यावरून वाद. आत्मचरित्राच्या कपाटात तोवर बहुतेक वकील, डॉक्टर आणि पुढारी होते. मी तिथंच लावली. वाचकांच्या हातून ती महिनोन्महिने परतच आली नाही, म्हणून वाद आपोआप मिटला.

प्रश्न : त्या दोन वर्षांतली सर्वांत मोठी घटना कुठली? एकच सांगा, पळवाट काढू नका. (एक निवृत्त शिक्षक, कराड)

सर, दोन दिवस वह्या चाळल्या. इराण, अफगाणिस्तान, इंदिराबाईंचं पुनरागमन, पोलंडमधला गोदी कामगारांचा संप, वर्षाच्या शेवटी जॉन लेननचा खून. सगळं आहे. पण माझं उत्तर वहीत नाही. मी ते फळ्यावर घेतलंच नव्हतं.

शुक्रवार, ९ मे १९८० चं पान समोर आहे. जसंच्या तसं सांगते. पहिली ओळ : बेलग्रेडला मार्शल टिटोंवर अंत्यसंस्कार, जगभरचे नेते हजर. दुसरी : विधानसभा निवडणूक, प्रचाराला जोर. तिसरी : काही पेठांत नळाला पाणी नाही. चौथी : आंबा उतरला. पाचवी : वाचनालय रविवारी बंद.

युगोस्लाव्हियाचे राष्ट्राध्यक्ष टिटो यांची अंत्ययात्रा ज्या दिवशी निघाली त्याच ८ मे रोजी जिनिव्हात जागतिक आरोग्य परिषदेनं जाहीर केलं, की देवीचा रोग जगातून गेला. पटकी, प्लेग, हिवताप, क्षय यांतलं काही तोवर गेलेलं नव्हतं, आजही नाही. माणसानं ठरवून स्वतःचा एक रोग पृथ्वीवरून पुसून टाकला असं आजवर एकदाच झालंय. विसाव्या शतकातच या रोगानं तीस कोटींच्या आसपास माणसं मारली असा अंदाज आहे. आणि मी त्या दिवशी आंब्याचा भाव लिहिला.

माझ्या घरात तर ती बातमी जेवायला बसत होती. माझी आजी. सहा-सात वर्षांची असताना तिला देवी आल्या, धाकटा भाऊ त्यातच गेला. तिचा डावा डोळा पांढरा झाला आणि तोंडावर असे व्रण, की लहानपणी मी तिच्या गालावर बोट फिरवून मोजायची.

१९७५ साली आमच्या वाड्यात आरोग्य खात्याची दोन माणसं आली होती. घरोघर फिरत होती ती. जवळ एक कार्ड, त्यावर देवी आलेल्या लेकराचं रंगीत चित्र. असं कुणी पाहिलंय का, विचारायचे. आपल्या देशात आदल्या वर्षी, १९७४ ला, बिहार, उत्तर प्रदेशाकडे मोठी साथ येऊन दीड लाखावर लोकांना देवी आल्या होत्या. खात्याची पद्धत ठरलेली होती. सगळ्यांनाच टोचत बसण्यापेक्षा रोगी हुडकून काढायचा आणि त्याच्याभोवतीच्या सगळ्या माणसांना टोचायचं, म्हणजे रोगाला पुढं जायला माणूसच उरत नाही. रोगी कळवणाऱ्याला हजार रुपये बक्षीस. भिंतीभिंतीवर रंगवलेलं असायचं. १९७५ च्या मेनंतर भारतात रोगी सापडला नाही, तरी ही माणसं हिंडतच होती.

आजीनं ते कार्ड हातात घेतलं. बऱ्या डोळ्याजवळ धरलं. त्या लेकराच्या तोंडावरनं अंगठा फिरवला आणि मग म्हणाली, ‘मला झाल्यात की देवी. काडा हजार.’

दोघं हसायला लागले. ‘आजी, ताज्या पाहिजेत.’

पुढची हकिगत मला नंतर वाचून कळली. जगातला निसर्गतः देवी आलेला शेवटचा माणूस १९७७ च्या ऑक्टोबरमध्ये सापडला. सोमालियातल्या मर्का गावातला, इस्पितळात स्वयंपाकी असलेला, अली माओ मालिन. तो बरा झाला, आणि कित्येक वर्षांनी स्वतःच्या देशात पोलिओचा डोस पाजायला फिरला. त्याच्यानंतर दोन वर्षं सगळीकडे शोध घेत राहिले, आणि मग डिसेंबर १९७९ मध्ये तज्ज्ञांनी देवी गेल्याच्या दाखल्यावर सह्या केल्या.

मी फळ्यावर का घेतलं नाही, याचा विचार केला, सर. साताऱ्यात तोवर देवी येऊन कैक वर्षं झाली होती. जे घडायचं थांबलंय त्याच्यासाठी रोज सकाळी आठ वाजता कुणी जागा ठेवत नाही. स्कायलॅबला चार दिवस पहिली ओळ दिली, तो पडला कुणावरच नाही. ज्या टिटोंना ९ मेची पहिली ओळ दिली, त्यांचा युगोस्लाव्हिया बारा वर्षांत तुकडे होऊन गेला.

देवी गेल्याची बातमी मी वाचली ती डिसेंबरात, एका मासिकाच्या वर्षअखेरच्या आढाव्यात. संध्याकाळी आजीला सांगितली. ती शेंगा फोडत होती.

‘गेली म्हंजे? कुनी घालवली?’

मी म्हटलं, ते कार्ड घेऊन आले होते ना दोघं, तसल्या लोकांनी.

‘ती व्हय!’ आजी म्हणाली. ‘हजार न देताच गेली की मुडदी.’

प्रश्न : माझ्या हातावर टोचल्याच्या दोन खुणा आहेत. देवीची कुठली? (एक वाचक, वाई)

ताई, डाव्या दंडावर खांद्याच्या जवळ लहान गोल खूण असेल, तर ती बहुधा बीसीजीची, क्षयाविरुद्धची. ती आजच्या बाळांनाही देतात. देवीची खूण सहसा मोठी, खोलगट, कडेनं सुरकुतल्यासारखी. आमच्या पिढीत ती कोपराखालीसुद्धा सापडते, आणि बऱ्याचदा दोन-दोन. जुन्या काळी दात असलेली चकती कातडीवर ठेवून गरकन फिरवायचे. ते ज्यांनी सोसलंय त्यांना विचारावं लागत नाही. नंतर दोन टोकांची सुई आली, तिनं पंधरा वेळा भराभर टोचायचे. पक्कं मात्र तुमच्या डॉक्टरांनाच दाखवून घ्या.

माझ्या हातावर देवीच्या दोन आहेत. १९८२ ला जन्मलेल्या मुलीच्या हातावर फक्त बीसीजीची. लहानपणी ती माझ्या दोन खुणांवर एकेक शेंगदाणा ठेवायची, राहतो का बघायला. राहायचा.